दहा फूट आणि एक बोट

एकच खोली मी एकाच महिन्यात दोन जणांना बांधायला दिली होती, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. हे आता मी ऐटीत लिहू शकते, कारण खोली उभी आहे आणि तिच्यातच बसून मी लिहिते आहे. पण त्या दिवसांत माझ्या छातीत जे धडधडत होतं ते शेजाऱ्यांनाही ऐकू जात असणार.

माझे वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा रोह्याला एकटे राहत. वय एकोणऐंशी. सगळी नोकरी रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये झालेली. आई गेल्यावर सहा वर्षं त्यांनी ठरलेल्या वेळापत्रकावर काढली. सकाळी पेज, दुपारी आडवं होणं, संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने फेरी, आणि दिवसभरात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीला मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहणं. गाडी वेळेवर आली की त्यांना स्वतःला बढती मिळाल्यासारखं वाटे.

त्या पावसाळ्यात ते न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. दूधवाली येईपर्यंत दोन तास ओल्या फरशीवर पडून होते. तिने दार ढकललं तेव्हा म्हणाले, "दूध ओट्यावर ठेव, आणि मग जरा मला उचल."

मी पेणच्या एका शाळेत शिकवते, गॅदरिंगची नाटकं बसवणं पंचवीस वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हा प्रसंग मी स्टाफरूममध्ये आवाज काढून सांगते आणि सगळे खो-खो हसतात. पण त्या दिवसापासून, फोन दोनदा करूनही आप्पांनी उचलला नाही, तर माझ्या हातातला खडू फळ्यावर नुसता टेकलेला राही आणि मुलं माझ्याकडे बघत बसत.

"पेणला चला," असं मी किती वेळा म्हटलं असेन. शेवटी एकदा त्यांनी उत्तर दिलं.

"येईन. पण मला तुमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर फुलदाणीसारखं ठेवायचं नाही. बसल्या जागी अंगावर ऊन आलं पाहिजे आणि बसल्या जागी गाडी दिसली पाहिजे. एवढं कर. दसऱ्याला लोक सीमा ओलांडतात, मी तालुका ओलांडतो. मात्र त्या दिवशी जागा तयार नसेल, तर मी संध्याकाळच्या गाडीने परत. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आप्पांनी एखादा विषय पुन्हा काढायचा नाही म्हटलं, की तो विषय मेला. चहात साखर नको असं ते एकदाच म्हणाले होते, त्याला चाळीस वर्षं झाली. म्हणजे मला एकच संधी होती, आणि ती हुकली तर ते त्या ओल्या फरशीच्या घरात एकटेच राहणार होते.

जागा तर आमच्याकडे होती. घराच्या मागे पूर्वेला एक ओटा आहे. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराची, समोरची बाजू उघडी. समोर भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे रूळ. ओट्याची समोरची बाजू आणि छप्पर काचेसारखं करून घेतलं, की उन्हाची खोली तयार. आता ती करणार कोण?

आप्पांच्या मनात सुतार ठरलेला होता. रोह्याचे सुतारकाका, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. माझ्या लग्नाच्या वर्षी हा ओटासुद्धा त्यांनीच आखून दिला होता. पण माझ्या नवऱ्याला सुतारकाकांचं नाव काढलं की ठसका लागे. लग्नात त्यांनी आम्हाला एक कपाट कबूल केलं होतं. कपाट आलं ते आमच्या मुलीच्या बारशाला. कपाट इतकं सुरेख की नवऱ्याला भांडताही आलं नाही, आणि ते न झालेलं भांडण त्याने पंचवीस वर्षं जपून ठेवलं.

नवरा नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तिथे सगळं वेळेवर आणि मापात. त्याने मोबाइलवर एक तयार किट शोधून काढलं. ॲल्युमिनियमची चौकट, पारदर्शक शीट, नटबोल्ट, सगळं खोक्यात. आठ-दहा दिवसांत दारात, एका दिवसात उभं. चित्रांमध्ये एक गोरी बाई कॉफीचा मग घेऊन काचेतून बाहेर बघत होती. त्या सगळ्या चित्रांत ती बाई उभीच होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

"तू ठरव," नवरा म्हणाला. "वडील तुझे. पण कपाट आठव."

मी आधी सुतारकाकांना बोलावलं. ते गाडीने आले, चहा प्यायले, दुसरा चहा प्यायले, आणि पिशवीतून एक लाकडी पट्टी काढली. तिच्यावर पेन्सिलची एकच रेघ होती.

"हे काय, काका?"

"हे आप्पांचे डोळे," ते म्हणाले. "परवा त्याला खुर्चीत बसवला, बाजूला पट्टी उभी धरली, आनि डोळ्यांच्या सरीत रेघ मारली. माणूस बसतो तवा बघतो कुठून, ते आधी पायजे. बाकी खोली काय, मागून येते."

मग त्यांनी ओट्यावर टेप धरली, डोळे बारीक केले, आणि न्हाणीघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं: १०, ७, ८. लांबी, रुंदी, उंची, फुटांत.

"किती दिवस लागतील?"

"सव्वा महिना."

दसऱ्याला बरोबर सव्वा महिनाच होता. मी हो म्हटलं. ते गेले आणि काही घडेना. मी फोन करी तेव्हा ते म्हणत, "लाकूड वाळतंय, पोरी." बाहेर धो-धो पाऊस आणि लाकूड वाळतंय! तिसरा आठवडा उलटला तेव्हा मला बारशाचं कपाट स्वप्नात येऊ लागलं.

नाटकात मी प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेला एक बदली मुलगा तयार ठेवते. मुख्य नटाला गोवर आली की बदली पुढे. मुख्य नटाला मात्र हे कळू द्यायचं नसतं, नाहीतर तो रुसून तापच काढतो. तेच मी इथे केलं. नवऱ्याला सांगितलं, "सुतारकाकांना नको म्हटलं, तू किट मागव." काकांना काहीच सांगितलं नाही. आणि स्वतःला सांगितलं, की ज्याचं काम आधी होईल त्याचं.

नवरा पहिल्या पाळीला गेलेला असताना किटवाल्या एजंटचा फोन आला. "मॅडम, आजच्या आज साइज पाठवा, नाहीतर गाडी पुढच्या आठवड्यात." मी ओट्यावर गेले. भिंतीवर काकांच्या अक्षरात आकडे होतेच. मी फोटो काढला आणि पाठवून दिला. टेप माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात होती. काढून मोजायला दोन मिनिटं लागली असती. हे मी आजही स्वतःला ऐकवते.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना किट आलं. टेम्पो गडब गावाजवळ हायवेच्या खड्ड्यांत दोन तास अडकला आणि दुपारी बाराला दारात उभा राहिला. नवऱ्याने मुद्दाम रजा घेतली होती. तो खोकी अशी मोजत होता, जशी काही त्याच्या लेकीच्या रुखवताची भांडी. दोन फिटर होते, हाताला चपळ. दोन-अडीच तासांत चौकट उभी, वर छप्पर, समोर चार मोठे पॅनेल. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

मग एक फिटर न्हाणीघराच्या भिंतीशी थांबला. पुन्हा टेप लावली. दुसऱ्याला बोलावलं.

"मॅडम, तुमची जागा मोठी आहे."

"मोठी म्हणजे?"

स्वयंपाकघराच्या बाजूने चौकट भिंतीला घट्ट बसली होती. न्हाणीघराच्या बाजूला मात्र चौकट आणि भिंत यांच्यामध्ये खालपासून वरपर्यंत एक फट होती. बोटभर रुंद. त्या बाजूचे बोल्ट भिंतीपर्यंत पोचतच नव्हते. मी चौकटीला हात लावला तर सगळी खोली हलक्याने डोलली.

"आम्ही दिल्या मापाने बनवलंय," फिटर म्हणाला. "सिलिकॉन भरून घ्या." आणि त्यांना संध्याकाळपर्यंत अलिबागच्या बाजूला दुसरं काम होतं, म्हणून ते गेलेसुद्धा.

नवरा फटीकडे बघत राहिला. मी विषय बदलावा म्हणून आप्पांसाठी काढून ठेवलेली खुर्ची आणून आत ठेवली आणि बसले. समोर बघितलं. प्रत्येक पॅनेलचा खालचा भाग पारदर्शक नव्हताच. तो बंद पत्रा होता, पांढरा, गुळगुळीत, बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत येणारा. उभं राहिलं की खाचरं, रूळ, डोंगर सगळं दिसत होतं. बसलं की पत्रा. कॉफीवाली बाई का बसत नव्हती ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. हात घामेजलेले होते, बोट भलतीकडे पडलं आणि आवाज स्पीकरवर गेला.

"पोरी, गाडीत बसलोय," सुतारकाकांचा खणखणीत आवाज. "लाकूड टेम्पोने येतंय मागनं. चार दिवसांत खोली उभी करतो, तू बघत ऱ्हा!"

फोन बंद झाला.

"कसलं लाकूड?" नवऱ्याने विचारलं.

"आपलं," मी म्हणाले.

त्याने फोनकडे बघितलं, मग फटीकडे, मग भिंतीवरच्या आकड्यांकडे. मग म्हणाला, "म्हणजे तू त्यांनाही हो म्हटलं होतंस."

"आणि तुलाही. दोघांनाही मनापासून."

"आता ते आले की काय सांगणार? ते आप्पांना सांगणार. आप्पा रोह्यातच बसणार. झालं?"

तेच तर होतं. सुतारकाका रागावून परत गेले, तर रात्रीच्या आत आप्पांना कळणार होतं की त्यांच्या दोस्ताला मी फसवलं आणि त्यांच्यासाठी पत्र्याची पेटी उभी केली. दसरा तिथेच संपला असता.

पाऊण तास हातात होता. मला सुचलं ते मी केलं. कपाटातून दोन मोठ्या चादरी काढल्या आणि किटच्या समोर, वरच्या पट्टीला, कपड्यांचे चिमटे लावून टांगल्या. गॅदरिंगचा पडदाच जणू.

"हे काय करतेस?" नवरा म्हणाला.

"पडदा टाकते. आधी चहा, मग गोडीगुलाबी, मग पडदा उघडायचा. धर ते टोक."

त्याने टोक धरलं. पंचवीस वर्षांच्या संसाराबद्दल मी याहून जास्त काही सांगायला नको.

काका आले तेव्हा ऊन गेलं होतं. परतीचा पाऊस आमच्याकडे डोंगराच्या बाजूने येतो, आणि डोंगर काळे पडले होते. काका पिशवी घेऊन सरळ मागच्या अंगणात आले आणि चादरींसमोर उभे राहिले.

"काय गो, आज नाटक हाय काय?"

"काका, आधी चहा घ्या."

"पडदा उघड."

"काका, मी काय म्हणते…"

"उघड गो."

मी एक चिमटा काढला. त्यांनी स्वतःच चादर बाजूला सारली, आत गेले, चौकट बघितली, छप्पर बघितलं. मग न्हाणीघराच्या भिंतीशी गेले आणि फटीत आपलं बोट घातलं. बोट बरोबर बसलं, ना सैल ना घट्ट.

"माझंच माप दिलंस," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"भिंतीवर दहा लिहिलं होतं, काका."

"दहाच लिवनार. लिवायचं दहा, करायचं दहा आनि वर एक बोट. बरोब्बर माप मानसाच्या शेवटच्या सामानाला देतात. जित्या मानसाच्या खोलीला बोटभर वाढवायचं. हा ओटा तसाच हाय, तुझ्या घरचं कपाट तसंच हाय, आप्पाची खाट तशीच हाय. तू रोह्याची पोर, तुला हे ठावं नाय?"

मला ठाऊक होतं! लहानपणी त्यांच्या कारखान्याच्या दारात बसून मी हे शंभरदा ऐकलं होतं. ते बोट कधी लिहीत नाहीत, कारण ज्याने लिहिलं तोच कापणार असतो. दुसऱ्या कुणी ते आकडे वाचावेत असं त्यात गृहीतच नसतं.

"तुला माझा भरवसा नव्हता, तर तोंडावर सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "मी काय रागावलो असतो? रागावलो असतो. पन आलो नसतो फुकटचा." त्यांनी पिशवी उचलली.

"काका, आप्पांना काय सांगाल?"

"जे हाय ते. साठ वर्सं एका बाकावर बसतोय त्याच्याबरोबर. त्याच्याशी खोटं बोलाया मला नाय जमनार."

ते अंगणाच्या मध्यापर्यंत गेले असतील. तेवढ्यात डोंगराकडून गार वारा आला आणि माझा पडदा फुगला. दोन्ही चादरी शिडासारख्या ताणल्या. न्हाणीघराची बाजू सुटी होती, ती पुढे झुकली, मागे आपटली, पुन्हा पुढे झुकली. वरची शीट कडाकडा वाजू लागली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोल्टांपाशी भिंतीचा गिलावा भुरभुरताना मला दिसला.

"चादरी काढ!" काका ओरडले. पिशवी टाकून ते धावत आले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस इतका धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. "जावई, चौकट धरा! खांद्याने धरा!"

चिमटे निघेनात. मी चादर धरून ओढली, ती चिमट्यांसकट टराटरा फाटत आली. दुसरी वाऱ्याने आपणच नेली, ती खाचरात जाऊन पडली. नवरा चौकटीला खांदा लावून उभा होता आणि त्याच्या चष्म्यावरून पाणी गळत होतं. पाऊस आडवा येत होता. काका गुडघ्यावर बसले, पिशवीतून लाकडाच्या पाचरी काढल्या, आणि फटीत एकेक घालून हातोडीने ठोकू लागले. खाली एक, कमरेशी एक. मग वरची घालायची होती, ते स्टुलावर चढले. मी त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले आणि मनात म्हणत होते, आप्पांचा दोस्त माझ्या ओट्यावरून पडला तर मी रोह्यात तोंड कुठे लपवू.

शेवटची पाचर बसली आणि खोलीची धडधड थांबली. पाऊस अजून वीसेक मिनिटं कोसळत होता. आम्ही तिघं आत उभे होतो, निथळत. मग काका आप्पांच्या खुर्चीत धपकन बसले आणि समोरचा पत्रा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"हे काय?"

त्यांनी पिशवीतून ती लाकडी पट्टी काढली, जमिनीवर उभी धरली. आप्पांच्या डोळ्यांची रेघ पत्र्यावरच आली, वरच्या काठाच्या खाली.

"आप्पाला पत्रा बघत बसवनार व्हतीस?"

मला रडू आलं. खरं रडू, नाटकातलं नव्हे. दोन्हींतला फरक काकांना माझ्या लहानपणापासून कळतो. ते पॅनेलकडे बघू लागले. मग मान तिरकी केली. मग आणखी तिरकी, इतकी की टोपी पडली.

"जावई," ते म्हणाले, "हे पट्टे उलटे केले तर?"

"उलटे?"

"खालचं डोकं वर. पत्रा वर जाईल, चढतं ऊन डोक्यावर यायचं नाय. आरपार दिसतं ते खाली येईल."

"पण पाणी जायची भोकं खालच्या पट्टीत आहेत, ती वर जातील," नवरा म्हणाला. "आणि वॉरंटी जाईल."

"भोकं मी नवी पाडतो. वॉरंटी तुम्ही पेटीत ठेवा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, पॅनेलकडे बघितलं. मग तोही मान तिरकी करून बघू लागला. कंपनीतला माणूस आहे, नटबोल्ट दिसले की त्याचा राग टिकत नाही. "चारही सारखेच आहेत," तो पुटपुटला. "फिरतील."

काकांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि बोट माझ्याकडे रोखलं. "माझी एक अट हाय. आप्पाला हे समदं तू सांगायचं. त्याने खुर्चीत बसायच्या आधी. बसल्यावर सांगितलंस तर ती बी फसवनूकच."

ते तीन दिवस आमच्याकडेच राहिले. नवऱ्याने रजा वाढवली. दोघांनी पॅनेल उतरवले, फिरवले, चढवले. दिवसभर दोघं भांडत, की ॲल्युमिनियमला आणि लाकडाला एक स्क्रू चालतो की नाही. पाचरी काढून त्या जागी काकांनी सागवानाची एक अखंड पट्टी बसवली, खालपासून वरपर्यंत, बोटभर रुंद, रंधा मारून गुळगुळीत केलेली. उरलेल्या लाकडाचा खोलीत एक बाक केला, आणि एका कडेला आप्पांसाठी खाट मांडली. लाकूड खरोखरच खडखडीत वाळलेलं होतं. मी मुकाट्याने चहा देत होते आणि भाषण पाठ करत होते. सुरुवातीला आईची आठवण, मध्ये माझी काळजी, शेवटी क्षमा. आवाज कुठे कापायचा तेही ठरवलं होतं.

दसऱ्याला आप्पा सकाळच्या गाडीने आले. हातात एकच कापडी पिशवी. मी ती नवऱ्याच्या हाती देताना आत डोकावले. एक सदरा, एक धोतर, चष्म्याचं घर, आपट्याची पानं. राहायला येणारा माणूस इतकं कमी आणत नाही. ते परत जायच्या तयारीने आले होते.

ते मागच्या दारातून ओट्याकडे निघाले. काका आत बाकावर बसलेले, माझ्याकडे न बघता. खुर्ची चार पावलांवर होती.

"आप्पा, थांबा," मी म्हणाले. "बसू नका."

ते थांबले. आणि माझं सगळं भाषण गेलं. आई नाही, काळजी नाही, काही नाही. "मी काकांना हो म्हटलं होतं आणि त्यांच्या पाठीमागे ही तयार खोली मागवली. माप चुकलं, पत्रा मध्ये आला. काकांनी येऊन निस्तरलं म्हणून ही उभी आहे."

आप्पांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "संध्याकाळची गाडी किती वाजता आहे?"

ती वेळ त्यांना माहीत होती. मला वाटतं, साऱ्या तालुक्यात त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नसेल. मी खालच्या आवाजात वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली, चपला काढल्या, आणि खुर्चीकडे न जाता सरळ न्हाणीघराच्या भिंतीशी गेले. सागवानाच्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते खालून वर फिरवलं.

"एक बोट?" त्यांनी विचारलं.

"एक बोट," काका म्हणाले.

मग ते खुर्चीत बसले. पायांवर ऊन होतं. समोर पिवळी पडत चाललेली खाचरं, एका खाचरात माझी उडालेली चादर, आणि मागे रूळ. चहा घेतला, जेवले, पुन्हा येऊन बसले. मी दिवसभर काहीतरी निमित्त काढून आत जात होते, तांब्या ठेवायला, तांब्या उचलायला. गाड्या जात. ते घड्याळ बघत. काकांशी ते बोलले तेही फक्त एका मालगाडीबद्दल. पिशवी दाराशी तशीच होती.

संध्याकाळची वेळ जवळ आली. स्टेशनवर जायचं तर अर्धा तास आधी निघायला हवं. अर्धा तास उरला, मग वीस मिनिटं, मग दहा. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. आम्ही एकमेकांकडे बघत होतो आणि विचारायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.

मग भोंगा ऐकू आला. रोह्याकडे जाणारी गाडी खाचरांच्या मागून निघाली, दिवे लागलेली, आणि एकेका पॅनेलमधून सरकत पुढे गेली. आप्पांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"वेळेवर," ते म्हणाले. आणि बसून राहिले.

शेवटचा डबा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी मान वळवली. "माझी मोठी पेटी रोह्याला आहे. उद्या जावयाला पाठव. खाटेखाली मावते का ते आधी बघ. तू मोज. भिंतीवरचं वाचू नकोस."

मी खणातून टेप आणली, जमिनीवर आडवी झाले आणि खाटेखालची उंची मोजली. आकडा मोठ्याने सांगितला. बाकावरून सुतारकाकांनी एक बोट वर केलं. मी पुन्हा आडवी झाले आणि दुसऱ्यांदा मोजलं.